गुलाबराव आणि हार्ट अटॅकची वही

गुलाबराव परात्यांनी मला कधीच नमस्कार केला नाही. भेट झाली की ते सरळ माझं मनगट धरायचे. रस्त्यात, लग्नात, एकदा तर चक्क एका मयतीला. "बोलू नका गा मास्तर," म्हणायचे, डोळे मिटायचे आणि ओठ हलवत माझी नाडी मोजायचे. त्यांच्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता. त्यामुळे बहात्तर मोजून झाले की हात सोडून ते जाहीर करायचे, "बहात्तर. फस्क्लास!" मी तापाने फणफणलो होतो तेव्हाही माझे ठोके बहात्तरच भरले होते.

प्रताप नगरात आमची घरं लागून होती. त्या वेळी तिथे अर्धे प्लॉट आणि अर्ध्या बाभळी. मी शाळेत सायन्स शिकवायचो, गुलाबराव एका सरकारी कचेरीत क्लार्क होते. घराणं विणकरांचं. बाप, आजा, थोरला भाऊ सगळे मागावर बसलेले, हेच एकटे खुर्चीवर आले. खुर्चीवर आले आणि एका वर्षी अचानक त्यांनी हार्ट अटॅकचा ध्यास घेतला.

आता ध्यास घ्यायला माझी हरकत नव्हती. पण मी सायन्सचा मास्तर, म्हणून त्यांनी मलाच धरलं. "मास्तर, तूप चांगलं का वाईट?" मला काय ठाऊक! आमच्या पुस्तकात हृदयाचे चार कप्पे होते, दोन लाल आणि दोन निळे. तूप कोणत्या कप्प्यात जातं ते दाखवलेलं नव्हतं. मी आपलं ठोकून दिलं, "बेताने खावं." तेवढ्याने त्यांचं समाधान होत नसे. रविवारच्या पेपरात आलं होतं की तुपाने रक्तवाहिन्या तुंबतात. महाल भागातले वैद्य म्हणाले, तुपावाचून हृदय कोरडं पडतं. मग गुलाबराव एक आठवडा तूप खात आणि एक आठवडा तुपाकडे पाठ फिरवून बसत.

चालण्याचंही तेच. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. कचेरीतले मोठे बाबू म्हणाले, त्यांचा साडू चालता चालताच गेला. तेव्हापासून गुलाबराव रोज अंबाझरी तलावापर्यंत जायचे, पण दर दोनशे पावलांवर बसायचे. मी एकदा सोबत गेलो आणि अंधार पडल्यावर घरी आलो. काळजी करायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून त्यांनी संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ बिनकाळजीची ठरवली. त्या तासात ते ओट्यावर असे बसायचे, की रस्त्याने जाणारा थांबून विचारायचा, "काय झालं गा, घरी सगळे बरे आहेत न?"

पण कडी केली ती तेलाने. परात्यांच्या घरचा सावजी मटणाचा रस्सा म्हणजे वर बोटभर तेलाची तर्री. तर्री सोडली तर तो रस्सा कसला, आणि खाल्ली तर रक्तवाहिन्या! विणकराच्या डोक्याने त्यांनी यातून वाट काढली. खिशातून कोऱ्या सुताची लडी काढायची, वाटीत हलकेच फिरवायची, तेल सुतात आणि रस्सा पोटात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी हे केलं तेव्हा वाढपी बादली खाली ठेवून पाहत राहिला. शांतावहिनी काटकसरीच्या. त्यांनी ती तेलकट लडी वाळवून तिच्या वाती केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लागला आणि अख्ख्या घरात मटणाचा घमघमाट. वहिनी आमच्याकडे आल्या त्या डोळ्याला पदर लावूनच. "भाऊजी, आता तुम्हीच सांगा यांले. देवालेही बाटवून राहिले हे!"

सांगायला मी गेलो. गुलाबराव एका दुरेघी वहीत लिहीत होते. पानाच्या मधोमध रेघ, एका बाजूला "करावे", दुसऱ्या बाजूला "करू नये". तूप दोन्ही बाजूंना होतं. चालणंही. हसणं, रडणं, दुपारची झोप, सगळंच दोन्ही बाजूंना. "करू नये"च्या खाली मात्र दोन गोष्टी जाड अक्षरात होत्या आणि त्यांच्या समोरची जागा रिकामी होती. बिडी. आणि मागावर बसणे.

"तुम्ही कुठे बिडी ओढता?" मी म्हणालो. "आणि माग सोडून तर तुम्हाला वीस वर्षं झाली."

गुलाबरावांनी वही मिटली. मग म्हणाले, "दादा ओढते."

थोरल्या भावाला, भिवाजींना, सहा महिन्यांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेला होता. दुसरा आला तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे सगळं गुलाबरावांना तिसऱ्याच माणसाकडून कळलेलं, कारण भाऊ नऊ वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. प्रताप नगरात घर बांधताना गुलाबरावांनी वाट्याला आलेला बापाचा माग मोडला आणि त्या सागवानाची दाराची चौकट केली. चांगलं लाकूड वाया जाऊ नये, एवढाच त्यांचा हिशेब. वास्तूच्या दिवशी भिवाजी आले, दारात उभे राहिले, चौकटीवरून हात फिरवला आणि न जेवता परत गेले.

"पण मग तूप तुम्ही कशाला सोडता-धरता?" मला अजून उमगत नव्हतं.

"दादाले सांगाच्या आधी आपल्यावर करून पाहा लागते न मास्तर," ते म्हणाले. "उलटं झालं तर?"

मला माझ्या सगळ्या थट्टेची लाज वाटली. त्या लाजेपोटीच पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत इतवारीपलीकडच्या विणकरांच्या वस्तीत गेलो. सायन्सचा माणूस सोबत असला तर दादा ऐकेल, असं त्यांचं म्हणणं.

भिवाजी खाटेवर बसले होते. वाळलेला, उंच माणूस. समोर जमिनीतल्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यावर माग होता आणि मागावर अर्धं विणलेलं लुगडं. "या मास्तर," ते म्हणाले. गुलाबरावांकडे पाहिलंही नाही. मग जे सुरू झालं त्यात मी पार गोंधळून गेलो. गुलाबराव माझ्याकडे पाहून म्हणत, "मास्तर, दादाले सांगा, बिडी सोडा लागते." भिवाजी माझ्याकडे पाहून म्हणत, "मास्तर, त्याले सांगा, आपलं घर पाह्य." दोघं हातभर अंतरावर, आणि निरोप माझ्या हाती. मी दोन वेळा चुकून भिवाजींचाच निरोप भिवाजींना दिला.

वही उघडली गेली. तूप खा आणि खाऊ नका. चाला आणि चालू नका. भिवाजी ऐकत होते, पण त्यांची नजर मागावरून हलत नव्हती. त्यांच्या बायकोने, म्हाताऱ्या वहिनींनी, मला हळूच सांगितलं, "डॉक्टर म्हणते मागावर बसू नोका. आन् हे, मी पाण्याले गेली का बसते. परवा घामानं ओले होऊन पडले होते. मले भेव वाटते भाऊ."

"अर्धं लुगडं मागावर ठेवून माणूस मरन तरी कसा?" भिवाजी एकदम ओरडले. यावेळी ते माझ्याकडे पाहत नव्हते. कोणाकडेच पाहत नव्हते.

गुलाबरावांनी वही खाटेवर ठेवली. कचेरीचा पांढरा शर्ट काढून खुंटीला अडकवला, बनियनवर खड्ड्यात उतरले आणि मागावर बसले. आडव्या दोऱ्याचा धोटा या हातातून त्या हातात गेला. खटकन फणी ओढली. चार-पाच धागे बरे गेले. मग त्यांनी आडवा दोरा जरा जास्त ताणला आणि लुगड्याचा काठ आत ओढला गेला.

भिवाजी चुळबुळले. पुन्हा धोटा गेला, पुन्हा काठ आत. तिसऱ्यांदा तेच झालं आणि त्यांच्याने राहवलं नाही.

"अबे, दोरा काहून ओढतं इतका? ढिला सोड! हात विसरून आला का कचेरीत?"

मी घाबरलो. रागावू नये हे वहीत होतं. रागावून मोकळं व्हावं हेही वहीत होतं. आता याला थांबवावं की बोलू द्यावं ते मला कळेना. मी वहिनींकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून शांत उभ्या होत्या.

माग चालत होता. दोन धागे नीट, तिसऱ्याला काठ आत. भिवाजी खाटेच्या कडेवर सरकले होते. शिव्या देत होते, बोटाने दाखवत होते, बापाचं नाव घेत होते. चेहऱ्यावर रंग आला होता. उशाची बिडी तशीच पडून होती.

"वीस वर्षांत हात गेला वाटतं यांचा," मी वहिनींना हळूच म्हणालो.

वहिनी पदराआड हसल्या. "मी लग्न होऊन या घरात आली तवा हा दहा वर्षांचा होता भाऊ. काठाच्या कामाले सासरे दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हते. हाच बसे."

मी वळून पाहिलं. गुलाबरावांनी धोटा टाकला, दोरा ताणला, काठ पुन्हा आत आला.

"गुलाब! आंधळा झाला का बे? किती डाव सांगू?"

खड्ड्यातून मान वर न करता गुलाबराव म्हणाले, "चुकलं दादा. आणखी एक डाव सांगा न."