गावड्यांची रविवारची मिशी

गावडे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत. ते कपाळाच्या वर, जिथे केस सुरू होतात तिथे बघतात. ज्यांचे केस मागे हटलेत, त्यांच्याशी बोलताना गावड्यांची नजरही हळूहळू मागे सरकत टाळूवर जाऊन बसते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी साठे त्यांना भेटायचं झालं तर टोपी घालून जातात.

मुलुंडला आमच्या दोघांच्या घरांत एक भिंत सामाईक आहे. गावडे ट्रॉम्बेला एका सरकारी कार्यालयात ड्राफ्ट्समन होते. सगळा जन्म सरळ रेघा मारण्यात गेला. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं, मग रिटायर झाले. रिटायर झालेली माणसं सकाळी बागेत हात वर करून हसतात किंवा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत लक्ष घालतात. गावड्यांनी अंधेरीच्या एका संस्थेत नाव घातलं. विषय, रंगभूषा आणि केशभूषा. त्यातही जुन्या काळातल्या पात्रांची. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा विशीतल्या सगळ्या पोरी उठून उभ्या राहिल्या आणि शिपायानं त्यांच्यापुढे चहा आणून ठेवला. आपण विद्यार्थी आहोत हे सांगण्याआधी गावड्यांनी तो चहा पिऊन टाकला. महिन्याभरात त्या पोरी त्यांना 'गावडे यार' म्हणू लागल्या.

तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच प्रश्न. "सन कुठला?"

टीव्हीवर ऐतिहासिक मालिका लागली की आम्ही दार लावून घेतो, कारण गावडे आले की मालिका संपलीच. "ही दासी बघा, कर्णिक. थ्रेडिंग करून आलीय. सन कुठला? आणि हा मावळा, महिनाभर घोड्यावर आहे म्हणे, दाढीची कड वस्तऱ्यानं आखलीय. लाइन चुकली!" साठ्यांच्या मुलीच्या लग्नात नवरी नऊवारी नेसून, नथ घालून, अगदी पेशवाई थाटात उभी होती. गावडे तिला भोवती फिरून मागून-पुढून बघून आले आणि मुलीच्या आईला म्हणाले, "अंबाडा झकास आहे. फक्त दोन पिढ्या खाली घसरलाय." साठेवहिनी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

मध्यंतरी त्यांना खऱ्या केसांची गरज पडायला लागली. टोप विणायचा, मिशी विणायची, म्हणजे जाळीच्या कापडावर एकेक केस आकड्यानं ओवून गाठवायचा. तेव्हा गावडे खालच्या सलूनमधून कापलेले केस पिशवीत भरून आणायचे. मूळचा मालवणी माणूस, एकटा राहणारा, आणि पिशवीत केस. सोसायटीत कुजबुज सुरू झाली की हा करणी करतो. बायका फणीतले केस गॅलरीत जाळायला लागल्या, साऱ्या मजल्यावर जळका वास. शेवटी साठ्यांनी बोर्डावर नोटीस लावली की कुणी कुणाचे केस गोळा करू नयेत. गावड्यांनी नोटीस वाचली आणि साठ्यांच्या टोपीकडे बघत म्हणाले, "तुम्ही कशाला घाबरता?"

मिशी घामात टिकते का हे बघायला ते ऐन मे महिन्यात स्वतः विणलेली मिशी लावून भाजीबाजारात गेले. मेथी निवडताना मिशी सुटली आणि जुड्यांवर पडली. भाजीवालीनं झुरळ समजून ती चपलेनं ठेचली. गावडे घरी आले ते एवढ्या पडेल चेहऱ्यानं, की माझ्या बायकोनं आधी त्यांना पाणी दिलं आणि मग विचारलं, "कोण गेलं?"

तर असे गावडे. वर्षाच्या शेवटी परीक्षा होती. एका काळातला एक माणूस निवडायचा आणि जिवंत मॉडेलवर डोक्यापासून हनुवटीपर्यंत उभा करायचा. पोरींनी सरदार घेतले, राण्या घेतल्या, कलावंतिणी घेतल्या. गावड्यांनी घेतला साठच्या दशकातला परळचा गिरणी कामगार. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, "काका, यात करायला काय आहे? तेल लावून भांग पाडला की झालं."

गावडे म्हणाले, "मॅडम, माझे वडील आहेत."

वडील गेले तेव्हा गावडे तीन वर्षांचे होते. कामावरच छातीत कळ आली आणि गेले. घरात फोटो नाही. एक होता, तो गावच्या घरी वाळवीनं खाल्ला. "मला त्यांचा चेहरा आठवत नाही, कर्णिक," ते एकदा मला म्हणाले. "मशेरीचा वास आठवतो. तोसुद्धा बहुतेक आईचा असेल." परीक्षा हे निमित्त होतं. या माणसाला आपल्या बापाचं तोंड एकदा बघायचं होतं, एवढंच.

मॉडेल म्हणून त्यांनी मला निवडलं. का, असं मी विचारलं. "तुमच्या तोंडावर काहीच नाहीये," ते कौतुकानं म्हणाले. "तुम्ही कुठल्याही सनात बसता." विमा कंपनीत इतकी वर्षं काढली, पण माझं इतकं नेमकं मूल्यमापन कुणी केलं नव्हतं.

चेहऱ्याची माहिती पुरवायची जबाबदारी ताईवर होती. ताई त्यांची थोरली बहीण, घाटकोपरला एकटी राहते. नवरा गेलेला, मुलगा परदेशात. वडील गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. दर रविवारी दुपारी गावडे मला खुर्चीत बसवायचे, माझ्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळायचे आणि फोन स्पीकरवर ठेवून ताईला लावायचे.

"ताई, मिशी कशी होती?"

"जाड रे. झुपकेदार."

गावडे आठवडाभर बसून झुपकेदार मिशी विणायचे. पुढच्या रविवारी ती माझ्या ओठावर चिकटवून फोन लावायचे, तर ताई म्हणायची, "टोकं जरा वर होती का रे? होती, होती. वर होती." त्याच्या पुढच्या रविवारी, "छे रे, बारीक. पेन्सिलीनं ओढल्यासारखी." भांग आधी डावा होता, तो उजवा झाला. गालावर एक तीळ निघाला. पहिल्यांदा डाव्या गालावर, नंतर उजव्या, मग हनुवटीजवळ. महिनाभर तो तीळ माझ्या तोंडावर बिऱ्हाड शोधत हिंडत होता. सोमवारी ऑफिसात माझ्या ओठावरून गोंदाचे पापुद्रे निघायचे आणि समोरच्या टेबलावरची कुलकर्णीबाई मला मलमाची नावं सुचवायची.

फोन मात्र लांबत चालले होते. मिशीचं बोलणं लवकर संपायचं. मग ताई सांगायची, खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, आज कालवणाला कुर्ल्या आणल्या, गुडघा कालपासून धरलाय. गावडे "हं, हं" करत केस ओवत राहायचे.

एकदा मला राहवलं नाही. "अहो गावडे, ताईंना नक्की आठवतंय ना?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "कर्णिक, तिला नाही आठवलं तर कोणाला आठवणार? दुसरं कोणी उरलंय का?"

मी मुकाट्यानं ओठ पुढे केला.

परीक्षेच्या आदल्या रविवारी त्यांनी मला संपूर्ण तयार केलं. टोप, भुवया, मिशी, तीळ, अंगात सदरा आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. "आज ताईला दाखवायचं." रिक्षात बसलो तर रिक्षावाला आरशातून माझ्याकडेच बघत होता. शेवटी म्हणाला, "शूटिंग है क्या, साब?"

"नहीं," गावडे म्हणाले, "बहन के घर जाना है." त्यानं आरसा दुसरीकडे वळवला.

ताईनं दार उघडलं. बुटकी, गोरी बाई, हाताला घावण्यांचं पीठ लागलेलं. गावड्यांनी मला खोलीच्या मध्यावर, उजेडात बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. एरवी लोकांच्या कपाळाच्या वर बघणारा हा माणूस त्या दिवशी बहिणीच्या डोळ्यांकडे बघत होता.

ताईनं मला खूप वेळ न्याहाळलं. मग म्हणाली, "श्रीधरा, हे बाबा नाहीत रे."

"मिशी चुकली का? मिशीच चुकली असणार. थांब, सगळ्या आणल्यात." गावड्यांनी डबा उघडला. आत इतक्या रविवारच्या मिशा ओळीनं टाचलेल्या होत्या. "कुठली सांग. आत्ता बदलतो."

ताई पलंगावर बसली. हाताचं पीठ पदराला पुसलं. "माका काय आठवता रे? तू विचारायचास, मी सांगत गेले. ती झुपकेदार मिशी तुझ्या भावोजींची. बारीक होती ती आमच्या जुन्या पोस्टमनची."

"आणि तीळ?"

"तीळ माझा." खरंच, तिच्या गालावर होता. "आधी तू भाऊबीजेला यायचास. ओवाळून होतंय तोवर तुझं लक्ष चपलांकडे. आता दर रविवारी तासभर बोलतोस. मला आठवत नाही म्हटलं असतं, तर पुन्हा फोन केला असतास?"

गावडे डब्याचं झाकण हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल तरी किंवा रडेल तरी. सदऱ्याच्या आत मला घाम फुटला होता. दोघांचीही मला फार कणव आली आणि आपण इथे नसतो तर बरं, असंही वाटलं.

गावडे म्हणाले, "काहीच नाही का गं? म्हणजे, खरं असं काहीच?"

"पाठ आठवते," ताई म्हणाली. "पहिल्या पाळीला जायचे तेव्हा मी चाळीच्या गॅलरीत येऊन उभी राहायची. मला हाक मारावीशी वाटायची. पण कामावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही ना. आईनं एकदा फटका दिला होता. म्हणून मी नुसता हात हलवायची. ते काही वळायचे नाहीत. तेवढंच बघितलंय नीट. रोज."

गावड्यांनी झाकण खाली ठेवलं. माझ्या खुर्चीचे दोन्ही हात धरून त्यांनी मला खुर्चीसकट भिंतीकडे वळवलं. टोप उतरवला. मग माझ्या मानेवर कात्रीचं थंड पातं टेकलं.

"सांग," ते म्हणाले.

"बारीक कापलेले असायचे मानेवर. अजून वर... हां. इथे एक भोवरा होता, केस उलटे उभे राहायचे."

"इथे?"

"जरा डावीकडे." आता माझ्या मानेवर तिचंही बोट होतं, पीठ सुकून खरखरीत झालेलं. "आणि कानामागे कापूस. किती चोळून आंघोळ केली तरी कानामागे कापूस राहायचाच."

मला समोर फक्त भिंत आणि एक बंद पडलेलं घड्याळ दिसत होतं. मागे दोघं हळू आवाजात बोलत होती. "एवढा?" "कमी कर." "आता?" घावणे त्या दिवशी गारच खाल्ले.

परीक्षेला गावड्यांनी मला परीक्षकांकडे पाठ करून बसवलं. समोर मेकअपचा मोठा आरसा, त्यात माझा रोजचा, कुठल्याही सनात बसणारा चेहरा. त्याला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. परीक्षक बाई पुढून बघून गेल्या, मागून बघून गेल्या.

"चेहरा कुठे आहे?"

"चेहरा नाही, मॅडम. एवढंच मिळालं."

"अर्धे मार्क जातील, माहितीये ना?"

"जाऊ देत," गावडे म्हणाले.

मार्क गेले. गावडे काठावर पास झाले आणि वर्गातल्या पोरींनी शिट्ट्या वाजवल्या. पण ते नंतर. त्या वेळी बाई कागदावर काही लिहीत होत्या आणि मी आरशात बघत होतो. मागच्या खुर्च्यांच्या रांगेत ताई उभी होती. घाटकोपरहून एकटी आली होती. माझ्या मानेकडे बघता बघता तिनं हात वर केला, अगदी थोडा, खांद्यापर्यंत, आणि हलवला.

मॉडेलनं हलायचं नसतं, हे मला गावड्यांनी दहादा बजावलं होतं. पण तिनं एकदा हाक मारली असती, तर मी वळलो असतो.