लुगेम्बेंची सकाळ उजाडेना

"हे ऑफिस मी चुटकीसरशी तरुण करून दाखवते!" कबुलाने साहेबांना छातीठोक सांगितलं. तळ्याकाठच्या म्वांझा शहरातलं, बंदराजवळचं साबणाचं कोठार, आणि तिची नोकरी अजून कच्ची. साहेब हसले, "उद्या दुपारच्या बोटीत माल चढव. नोकरी पक्की!"

कबुलाचा पहिला हुकूम: शिकामू बंद! धाकट्यांनी 'शिकामू', म्हणजे 'तुमचे पाय धरतो' म्हणायचं, आणि थोरल्यांनी ऐटीत 'मराहाबा' म्हणून ते घ्यायचं? शी, किती जुनाट! आता सगळ्यांना एकच, दोस्तांमधलं 'मांबो!', म्हणजे 'काय चाललंय?' बस्स!

सकाळी तिने कोठाराच्या म्हाताऱ्या रखवालदाराकडे, लुगेम्बेंकडे, टवटवीत 'मांबो!' भिरकावलं. लुगेम्बेंनी तिच्या आरपार पाहिलं, जणू ती खिडकीची काच! मग किल्ल्यांचा जुडगा मांडीखाली घेऊन ते बाकावर बसले. डोंगर बसतो तसे!

ते बसले म्हणून हमाल बसले. हमाल बसले म्हणून ट्रकवाल्याने सीट मागे पाडून डोळे मिटले.

कबुलाने एका हमालाला गाठलं. "अहो, कुलूप उघडायला सांगा ना त्यांना! बोट जाईल!"

"कसं सांगू, पोरी? त्यांची अजून सकाळच झाली नाही. कुणी शिकामू कुठं म्हटलंय?"

"उन्हं डोक्यावर आलीत!"

"ती तुझी."

तिकडे बोटीचा पहिला भोंगा! कबुला लुगेम्बेंकडे धावत सुटली आणि लांबूनच किंचाळली, "शिकामूऽऽ!"

नेमकी मध्येच लाल लिपस्टिकवाली झमरादी दारातून बाहेर आली. माल बाहेर सोडायचा शिक्का हिच्याच हातात!

"शिकामू? मला?" झमरादी कडाडली. "तुझ्या आजीच्या वयाची दिसते मी? अजून लग्न व्हायचंय माझं!" शिक्का पर्समध्ये, पर्स बगलेत!

"तुला नाही गं, झमा! मांबो, झमा! काय दिसतेस! मला वाटलं, कॉलेजची कुणी आलीय!"

"...पोआ, एकदम मस्त," झमरादी विरघळली. शिक्का बाहेर आला.

मग कबुला लुगेम्बेंसमोर गुडघ्यात वाकली. श्वास लागलेला, आवाज एवढासा. "शिकामू, बाबा."

"मराहाबा, बाळा!" लुगेम्बे असे फुलले, जणू तळ्यावर सूर्य वर आला! "रात्री झोप लागली ना? घरी आई बरी आहे?"

आणि काय सांगू! किल्ल्या खणखणल्या, कुलूप उघडलं, हमाल उठले, खोकी हातोहात उडू लागली, ट्रक गुरगुरला! सगळं त्या एका शब्दाने! कबुला आ वासून बघतच राहिली. एवढं अजस्र यंत्र, आणि त्याचं बटण ती काल काढून टाकायला निघाली होती!

माल चढला. नोकरी पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी कबुला ऐटीत फाटकातून आत शिरली. तिथे नुकतीच शाळा संपवून कामाला लागलेली, दोन वेण्यांची एक नवी मुलगी उभी होती. तिने गुडघे वाकवले, मान झुकवली.

"शिकामू!"

कबुलाने मागे वळून पाहिलं. मागे कुण्णी नव्हतं!