सासऱ्यांच्या गाडीची तेलपरीक्षा

गाडीचं इंजिन तेल का खातं, हे शोधायला मेकॅनिक लागत नाही. डोकं लागतं! मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. कारण आणि परिणाम यांची गाठ घालून देण्यात माझी हयात गेली. तेव्हा आमच्या जुन्या गाडीच्या पोटात काय चाललंय ते मी स्वतः, घरच्या घरी, शास्त्रशुद्ध पद्धतीने शोधून काढणार, असं मी जाहीर केलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मिक्सरचा बिघाड शोधला होतात तसंच ना?"

मिक्सरचा विषय इथे अप्रस्तुत आहे.

गाडी मूळची सासऱ्यांची. ते कारखान्यात माल तपासायचे. निवृत्त झाले, पण तपासणं काही निवृत्त झालं नाही. गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला तेव्हा त्यांनी गाडी मला विकली. गाडी विकली, पुढची सीट नाही! राहायला समोरच्याच इमारतीत. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरायचे, माझ्या शेजारी बसायचे आणि सुरू व्हायचे.

"जावईबापू, गिअर."

"जावईबापू, तो सायकलवाला."

"जावईबापू, सावकाश."

"बाबा, गाडी अजून बंद आहे."

"म्हणूनच आत्ता सांगतोय. नंतर तुम्ही ऐकत नाही."

माझी बायको, म्हणजे त्यांची मुलगी, मागे बसून खिडकीबाहेर बघायची. ती उत्तम गाडी चालवते असं ऐकून आहे. पण आम्ही दोघं असताना तिला चालवायला देणार कोण?

अशात एके दिवशी डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. तेल भरलं. पुन्हा लागला. पुन्हा भरलं. पुन्हा! माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. रविवारी सासरे शेजारी बसताच मी म्हणालो, "बाबा, तुमची गाडी तेल खाते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या खानदानात दरोडेखोर शोधून काढलाय.

"अशक्य! या गाडीला तेलाचं व्यसन नाही. चालवणारा वेडावाकडा चालवत असेल."

"मग होऊन जाऊ दे परीक्षा."

"होऊन जाऊ दे! खात असेल तर मी परत या सीटवर बसणार नाही. आणि खात नसेल, तर मी सांगेन तशी गाडी चालवायची. जन्मभर. ब्र काढायचा नाही!"

जन्मभर! माझ्या डोळ्यांपुढे पुढचे सगळे रविवार रांगेने उभे राहिले. ही परीक्षा हरणं मला परवडणार नव्हतं.

आधी मी गळती तपासली. गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरला. सकाळी त्यावर काळा डाग! मी जल्लोष करणार, तोच शेजारचा मोटरसायकलवाला म्हणाला, "काका, तो माझा डाग. काल जरा तुमच्या जागेवर लावली होती."

मग धूर तपासला. निळसर धूर म्हणजे आत तेल जळतंय, एवढं मी वाचलं होतं. पण चालत्या गाडीचा धूर आत बसून दिसत नाही. म्हणून सासऱ्यांना गुडघ्यांची समजूत घालून एक फेरी मारायला लावली आणि मी सायलेन्सरपाशी नाक नेऊन मागे धावत सुटलो. कोपऱ्यावरच्या वाण्याला वाटलं, म्हातारा गाडी पळवतोय! त्याने गिऱ्हाईक सोडून आडवी पोती टाकली. सासऱ्यांनी कचकन ब्रेक मारला. मी शास्त्रशुद्ध पद्धतीने डिकीवर आदळलो.

"धूर कसा होता?" सासऱ्यांनी खिडकीतून विचारलं.

तेव्हा मला सगळंच निळं दिसत होतं.

शेवटी खरी परीक्षा ठरली. तेल वरच्या खुणेपर्यंत भरायचं, आठवडाभर गाडी नेहमीसारखी वापरायची, रोज सकाळी दोघांनी मिळून तेल मोजायची पट्टी बाहेर काढून बघायची. एकट्याने बॉनेट उघडायचं नाही. शेवटच्या दिवशी मेकॅनिक पंच म्हणून येणार आणि निकाल देणार.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम घाट चढून आलो. दुसऱ्या सकाळी पट्टी काढली, तर तेल वरच्या खुणेवर. जागचं हललं नव्हतं! सासरे नुसते खाकरले. तिसऱ्या सकाळी तेच. चौथ्या सकाळी ते पट्टी न बघताच खाकरले.

मी वर्गात शिकवतो की निरीक्षण आणि सिद्धान्त यांत तंटा झाला तर सिद्धान्त बदलावा. पण निरीक्षणच चुकत असेल तर? गाडी तेल खाते हे सत्य होतं. ते पट्टीला कळत नव्हतं, एवढंच. तेव्हा सत्याला थोडी मदत करायला काय हरकत आहे? घरात औषधाची मोठी सिरिंज होती. तिला रबरी नळी लावली, भरदुपारी सगळे झोपले असताना पट्टीच्या भोकातून नळी आत सोडली आणि तेल ओढून एका काचेच्या बरणीत भरलं. ही चोरी नव्हती. गाडी जे खाणारच होती, ते मी तिच्या वतीने काढून ठेवत होतो. बरणी दडवली माझ्या तर्कशास्त्राच्या पुस्तकांमागे. तिथे घरातलं कुणी कधी जात नाही.

पाचव्या सकाळी पट्टी काढली. तेल वरच्या खुणेवर!

तेल काढलं तरी कमी होत नाही? अशाने जगातले तेलाचे सगळे प्रश्न सुटतील! दुपारी मी आणखी काढलं. सकाळी पुन्हा वर. बरणी गळ्यापर्यंत भरत आली आणि सासऱ्यांचं खाकरणं गाण्याकडे झुकायला लागलं. शनिवारी दुपारी मी बेभान होऊन बरणी काठोकाठ भरली.

रविवारी सकाळी मेकॅनिक आला. चालायचा असा की जणू गाड्यांनीच उठून त्याला सलाम ठोकावा. बायको चहाचा ट्रे घेऊन खाली आली. मेकॅनिकने पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. मग चष्मा लावला. मग चष्मा पुसला.

"खुणेच्या वर गेलंय. बरंच वर."

"वर म्हणजे?" मी किंचाळलो.

"म्हणजे ही गाडी तेल खात नाही साहेब. तेल देते! गाय दूध देते तसं. डेअरी काढा."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. मला वाटलं ते नाचतील. पण त्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता. "एवढं कसं होईल?" ते पुटपुटले. मलाही तेच विचारायचं होतं. पण एवढं होणार नाही हे मला कसं ठाऊक, असं कुणी विचारलं असतं तर?

"सुरू करून बघू," म्हणत मेकॅनिकने किल्ली फिरवली.

सायलेन्सरमधून जे निघालं त्याला धूर म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं! निळ्या-पांढऱ्या ढगात आधी गाडी गेली, मग आम्ही, मग तळमजला. वर धडाधड खिडक्या लागल्या. कुणाची तरी आजी ओरडली, "पोरांना आत घ्या!" वॉचमन वाळूची बादली घेऊन धावला आणि जो पहिला आकार दिसला त्यावर त्याने ती रिकामी केली. तो आकार मी होतो.

धूर विरला तेव्हा बायको जिथल्या तिथे उभी होती. ट्रे हातात, चहा शाबूत.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "माझं नरसाळं कुठाय?"

सासरे आभाळाकडे बघायला लागले.

"आणि अहो, औषधाची सिरिंज?"

मीही आभाळाकडे बघायला लागलो. वर काय आहे म्हणून वॉचमननेही बघितलं.

"अगं, रोज खुणेपासून खाली गेलेलं असायचं," सासरे शेवटी बोलले. "फिरायला निघालो की थोडं घालायचो. दुसरी किल्ली ठेवली होती आठवण म्हणून. या वयात त्या गाडीला लोकांनी नावं ठेवलेली मला सहन होईना."

"म्हणजे तुम्ही ओतत होतात?" मी वाळू झटकत गरजलो.

"म्हणजे तुम्ही काढत होतात?" ते त्याहून मोठ्याने गरजले.

"थांबा," मेकॅनिक म्हणाला. "काकांनी ओतलं, साहेबांनी काढलं. फिट्टंफाट झाली. मग हे जास्तीचं आलं कुठून?"

त्याने तर्कशास्त्र घ्यायला हवं होतं. मी घेऊन काही उपयोग झालेला दिसत नाही.

"काल पुस्तकांवरची धूळ झाडताना बरणी सापडली," बायको म्हणाली. "म्हटलं, गाडीचं आहे, गाडीला जाऊ दे. आज पहाटे बाबा नरसाळं घेऊन गेले, त्यांच्यामागून मी गेले. सगळी बरणी ओतली." मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "मला कुठे कळतं हो गाडीतलं!"

मेकॅनिकने सगळं तेल काढून नवं भरलं. बायकोने त्याच्याकडून एक किल्ली घेतली, बाबांच्या खिशातून दुसरी. "आता परीक्षा मी घेते," म्हणाली, "आणि परीक्षा देणाऱ्यांनी मागे बसायचं."

तेव्हापासून गाडी ती चालवते. पुढच्या सीटवर तिची पर्स बसते. गाडी तेल खाते की नाही, हे तिला आता पक्कं माहीत आहे. ती सांगत नाही. आम्ही दोघं मागे गुडघे छातीशी घेऊन बसतो. ती वळणं जरा जोरात घेते यावर आमचं पूर्ण एकमत आहे, पण बोलायचं कुणी?

परवा सासरे माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, मी गाडी दिली तेव्हा मागे पाय पसरायला चांगली जागा होती. तुम्ही काय केलंत हिचं?"