आत वळवलेली बोटं

भोयर सरांशी हात मिळवायचा असेल तर घाईत मिळवू नये. आपण सरळ पंजा पुढे करतो; ते चार बोटं आकड्यासारखी आत वळवून आपल्या बोटांत अडकवतात आणि म्हणतात, "आता सोडवून दाखवा." यापायी एकदा आमच्या प्राचार्यांची समुद्रपूरची एसटी चुकली.

वर्ध्याजवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मी गणित शिकवायचो, ते इमारतींचं स्ट्रक्चर. किल्लारीचा भूकंप झाला आणि सरांच्या डोक्यात रिंग शिरली. रिंग म्हणजे खांबातल्या उभ्या सळयांना बाहेरून आवळणारी चौकोनी सळई. मिस्त्री तिची टोकं काटकोनात वाकवून मोकळे होतात. सर म्हणत, टोकं खांबाच्या पोटात वळवा. "वरचं पडू द्या हो, आतलं सुटाले नाई पायजे!" हाच त्यांचा पीएच.डी.चा विषय आणि हाच खानावळीत जेवतानाचा. साखरपुड्यात कोणी 'रिंग आणा' म्हणालं की आम्ही धास्तावून सरांकडे बघायचो.

कारंज्याला एका बांधकामावर चढून त्यांनी मिस्त्र्याला धरलं.

"सर, आपल्याकडं भूकंप येतेच कुठी?"

"त्याले काय पत्ता द्या लागते?"

मग शेवटच्या चाचणीचा दिवस उजाडला. चाचणीसाठी ओतलेले आधीचे खांब या ना त्या कारणाने वाया गेले होते. हा एकच उरला होता, आणि नवा ओतायला कॉलेजनं साफ नकार दिला होता. रिंग उघडली की सरांची सगळी वर्षं पाण्यात.

लॅबमध्ये जॅक भूकंपाच्या हिसक्यांसारखा खांबाला ढकलू लागला, मग ओढू लागला. दर फेरीला जोर वाढत गेला. बारीक भेगा पडल्या. सरांनी न बघताच माझा हात धरला, अर्थात बोटं वळवून. तेवढ्यात खांबाच्या अंगावरचं काँक्रीट धाडकन खाली आलं आणि सळया उघड्या पडल्या.

"संपलं का हो?" मी पुटपुटलो.

"आतलं पाहा."

धूळ बसली. जॅक अजून रेटतच होता, पण रिंगांची टोकं आत घट्ट रुतलेली होती. खांब उभा होता. नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली, टाळ्या झाल्या. खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

सगळे चहाला गेले तरी सरांची बोटं सुटेनात.

"सर, जिंकलात. आता तरी सोडा!"

"थांबा न जरा," ते खांबाकडेच बघत म्हणाले. "घरी जाऊन सांगाले कोणीच नाई मले."

मग मीही माझी बोटं आत वळवली.