झेंड्याला उलटी बाजू नसते

शेवंतीमावशी शिवून झालेला प्रत्येक झेंडा टेबलफॅनपुढं बांधते नि त्यालाच विचारते, "काय रे, कुठं टोचतंय का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई येडी हाय, पळावं इथनं.

पण पळणार कुठं? कडेवर सहा महिन्यांची पोर, शाळा सातवीपर्यंत, येतं काय तर ब्लाऊज शिवायला. गडबहून पेणला मावशीच्या दुकानात कामाला यायला लागले तर ती एवढंच म्हणाली, "पोर आण. कच्चा टाका नको आणू."

मावशी होड्यांचे झेंडे शिवते. लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या एकीला एक जोडायच्या. खाडीवरचा वारा म्हंजी तिची सासू. "सासूबाय येतील नि कच्चा टाका बरोबर हुडकतील," असं गिऱ्हाईकालापण सांगते.

परवा संध्याकाळी रोह्याचा होडीवाला बारा झेंडे न्यायला येणार, नि मी आपली भराभरा, पोर उठायच्या आत, नऊ शिवून टाकले. मावशीनं पहिलाच फॅनपुढं धरला नि फॅन बंद केला.

"हे काय गो?"

मी झेंडा उलटून बघितला. ब्लाऊजसारखी शिवण मारलेली मी, एकीकडनं गुळगुळीत, दुसरीकडनं सगळे दोरे लोंबतायत.

"ब्लाऊजची आतली बाजू तुझ्या नवऱ्याबिगर कोण बघतो? झेंडा अख्खा गाव दोन्हीकडनं बघतो. झेंड्याला उलटी बाजू नसते, पोरी."

गेलं काम, म्हटलं. मी रडायला लागले, मला बघून पोर पण.

"रडून शिवण उसवत नाय. ब्लेड घे."

दोघींनी नऊच्या नऊ उसवले. मग एका पट्टीची कड दुसरीत दुमडून, दोरे आत कोंडून, दोन-दोन शिवणी मारल्या. होडीवाला येऊन ताटकळला, तर मावशी त्याला म्हणते, "माझ्यामुळं उशीर. डोळे गेले बाबा माझे." मी मान खाली घालून उरलेले तीन शिवत बसले.

आज सकाळी तिनं पिशवीतनं झबलं काढलं. पांढरं कापड, घड्यांवर पिवळं पडलेलं. शिवण मात्र नवी, झेंड्याचीच, आतनं-बाहेरनं सारखी.

"मावशी, कापड कधीचं गो हे?"

"कापून ठेवलेलं. लय वर्सं झाली. मग शिवायचं कारण राहिलं नाय."

मी पोरीला तिच्या मांडीवर दिलं. तिनं माझ्या पोरीला झबलं घातलं, टेबलफॅन लांब सरकवून बारीक लावला, नि वाकून विचारलं,

"काय गो, कुठं टोचतंय का?"