पळापळ बंद

"तुमच्या वळचणीखाली थोडा वेळ कचरा ठेवतो हं, काकू. काकांना विचारलंय मी," असं म्हणून नवनिर्वाचित वॉर्डप्रमुख को वेइहाओ पुढच्या हारासाठी मान वाकवून मोकळा झाला. छुनताओनं आपल्या दुकानातल्या माशाच्या पेजेच्या पातेल्यातला डाव तसाच वर धरून नवऱ्याकडे पाहिलं. आथूनं प्रमुखाच्या समर्थकांचं पिवळं जाकीट चढवलं होतं. पाठीवर लिहिलं होतं, 'मी आहे ना!' आत जो होता तो मात्र बायकोची नजर चुकवत होता.

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या त्या गल्लीत कचरा जमिनीवर ठेवायची सोय नाही. संध्याकाळी कचऱ्याची गाडी पियानोची एक धून वाजवत येते, आणि हातातलं काम टाकून पिशवी घेऊन तिच्यामागे धावावं लागतं. म्हातारे प्रमुख लेकीकडे राहायला गेले, पोटनिवडणूक लागली आणि तैपेइत चार वर्षं 'यशाचा मंत्र' या विषयावर भाषणं देऊन परतलेल्या वेइहाओनं एकच घोषणा दिली: "पळापळ बंद!" लोकांनी दिवसभरात कधीही कचरा आणून द्यावा, गाडीत चढवतील पिवळी जाकिटं. गल्लीनं भरभरून मतं दिली. उद्घाटनाचा दिवस पंचांग पाहून काढला. शुभ दिवस निघाला बुधवार.

"अहो, बुधवारी गाडी येत नाही," छुनताओ म्हणाली.

"तू पहिल्यापासून त्याच्या विरोधात!" आथू उसळला. "पोरगा तैपेइत राहून आलाय. त्याला एवढं कळत नाही?"

"गाडी काय तैपेइहून येते? इतक्या वर्षांत तुम्ही एकदा तरी पिशवी उचललीत का?"

हा प्रश्न आथूनं राष्ट्रीय महत्त्वाचा नसल्यामुळे सोडून दिला. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनाही बुधवार ठाऊक होता. पण प्रत्येकीला वाटलं, प्रमुख म्हणतोय म्हणजे खास गाडी सांगितली असेल. आणि फुकट सोय दारी आल्यावर शंका कोण काढतो? लोकांनी त्या दिवसाचाच नव्हे, तर माळ्यावरचाही कचरा आणला. एकानं तर सासऱ्याची मोडकी आरामखुर्ची आणली.

छुनताओचा जीव वेगळ्याच कारणानं टांगणीला लागला होता. तिची लेक यूशुआन पस्तिशीची. बऱ्याच खटपटीनंतर कुठे लग्न जमत आलं होतं. गुरुवारी दुपारी थायचुंगहून मुलाकडचे लिआओ पतिपत्नी बोलणी करायला येणार होते, याच दुकानावरच्या घरात, याच वळचणीखालून.

बुधवारी संध्याकाळी सगळे गाडीची वाट पाहू लागले. एवढ्यात ती धून ऐकू आली. "आली! आली!" आथूनं आरामखुर्ची डोक्यावर घेतली. प्रमुखानं झेंडा उंचावला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, मुलगी पियानोचा सराव करतेय! गप्प बसा की जरा!"

"वेइहाओ, बाळा," छुनताओनं विचारलं, "सफाई खात्याला कळवलं होतंस ना?"

"कळवायचं काय त्यात, काकू? लहानपणापासून रोज ऐकतोय मी ती धून."

"ऐकत होतास तू. धावत तुझी आई होती."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. समर्थकांनी लगेच आघाडी सांभाळली. "हा जुन्या प्रमुखाचा डाव आहे!" एक जण म्हणाला. "म्हातारा लेकीकडे बसून फोन फिरवतोय." दुसऱ्याच्या मते गाडीचा ड्रायव्हर विरोधी पक्षाचा. आथू म्हणाला, "पोराला जरा वेळ तरी द्या! आत्ता कुठे निवडून आलाय."

"वेळ द्यायला माझी ना नाही," छुनताओ म्हणाली, "पण माशाची आतडी थांबत नाहीत. ज्यानं त्यानं आपापली पिशवी घरी न्या."

आणि गंमत अशी, की इतकी शिकलीसवरलेली गल्ली, पण स्वतःची पिशवी कुणालाच ओळखू येईना. आरामखुर्ची तर कुणी कधी पाहिलीच नव्हती.

सकाळपर्यंत मांजरांनी ढिगाची मतमोजणी पूर्ण केली. जूनचं ऊन चढलं तसा वास दुकानात शिरला. गिऱ्हाईक दारापर्यंत येऊन नाक दाबत परत फिरू लागलं. छुनताओनं डाव उगारूनच रस्ता ओलांडून प्रमुखाचं ऑफिस गाठलं. "पाहुणे यायच्या आत हे हलव, नाहीतर तुझ्या ऑफिसात आणून ओतते!"

"काकू, मी आहे ना!" म्हणत वेइहाओ आत गेला आणि निवडणुकीतले उरलेले बॅनर घेऊन आला. समर्थकांनी सगळा ढीग झाकला. आता दारात त्याचेच पाच-सहा हसरे चेहरे एकमेकांवर पालथे-उताणे पसरले होते. वास मात्र झाकला गेला नव्हता.

लिआओ पतिपत्नी टॅक्सीतून उतरले. बाईंनी रुमाल नाकाला लावला. लिआओंनी ढिगाकडे पाहिलं. तेवढ्यात एका चेहऱ्याचा गाल फुगला, डोळा हलला, आणि तोंड फाडून मांजर बाहेर आलं. मांजराच्या तोंडात मासा होता.

छुनताओला वाटलं, संपलं. पोरीचं लग्न या मांजरानं नेलं.

"हे कोण?" लिआओंनी गंभीरपणे विचारलं.

"आमचे नवीन प्रमुख," ती खालमानेनं म्हणाली.

"समर्थक आहेत?"

"आहेत ना. एक तर घरातच आहे."

लिआओंनी सावकाश आपल्या बायकोकडे बोट केलं. "आमच्याही घरात आहे. आमच्याकडच्या प्रमुखानं उद्यानात कारंजं बांधलं. पाण्याची जोडणी राहिली."

"अहो, त्याला वेळ द्या जरा!" रुमालाआडून बाई म्हणाल्या. आथूचा चेहरा एकदम उजळला. पेज निवेपर्यंत दोघे समर्थक एका बाजूला, दोघे त्रासलेले दुसऱ्या बाजूला अशी बैठक जमली आणि लग्न ठरलं.

संध्याकाळी खरी गाडी आली. नेहमीसारखी क्षणभर थांबली आणि निघाली. तेवढ्या वेळात एवढा ढीग तिच्यात चढतो थोडाच? मग दोन्ही हातांत गळक्या पिशव्या घेऊन प्रमुख मागे धावत सुटला. एक चप्पल गटारात गेली, तरी तो धावत होता. आथू मागून मोबाइलवर चित्रण करत ओरडत होता, "बघा, बघा! जुना प्रमुख धावला होता का कधी?"

ते चित्रण गावभर फिरलं. पंधरवड्यातच वेइहाओनं महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायची घोषणा केली. नवीन बॅनरवर एकच चप्पल घातलेला फोटो, आणि खाली: 'तुमच्यासाठी धावणारा!'

"हा आपल्या दुकानावर लावू या," आथू बॅनर उलगडत म्हणाला.

"लावू की," म्हणत छुनताओनं तो त्याच्या हातातून घेतला आणि आतड्यांच्या बादलीवर घट्ट बांधला. मग बाहेर धून वाजली तशी बादली नवऱ्याच्या हातात दिली.

"धावा."