हॅकरबाईंच्या स्फोटाची हकीकत

लाल कवटी, डोळा मिचकावणारी. काळा टोपीवाला सदरा, काखेत उसवलेला. नव्याण्णव टक्क्यांवर अडकलेली पट्टी. थंड पोहे. एक निवृत्त फौजदार. ढोल. हिरवी अक्षरे, वरून खाली, अर्थ कोणासही ठाऊक नाही.

ही सर्व दैवते राजी असोत, म्हणजे पुढील मजकूर सुरळीत जाईल. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी मालिकांच्या मुलुखात श्रीमंत दौलतराव निर्माते यांचा अंमल होता, आणि रोज सायंकाळी एक भाग प्रजेस अर्पण होत असे, आणि त्या भागात कोठे काही अडले, तिजोरी उघडेना, खलनायक सापडेना, नायिकेचे मूल परदेशी पळविले, की हॅकरबाईंस पाचारण होई. हॅकरबाई म्हणजे चारुलता वाघमोडे, नाटकांत वाढलेली बाई, आवाज ऐसा की शेवटल्या रांगेत पेंगणारा मनुष्य सावरून बसे. परंतु या राज्यात आवाजाचे काम नव्हते. बाईंनी टोपी डोळ्यांवर ओढावी, आणि तोंडावर हिरवा उजेड घ्यावा, आणि दहाही बोटे कीबोर्डावर तुफान नाचवावी, आणि मग कवटी हसली की "झालं" एवढे वदावे. इतक्याने शत्रूच्या बँका, विमानतळ आणि आकाशातील उपग्रह हस्तगत होत. माउसास हात लावण्याची मनाई होती, कारण त्याने घाई दिसत नाही. एके प्रसंगी शत्रू फार बलाढ्य निघाला, तेव्हा बाईंपुढे दोन कीबोर्ड मांडिले आणि एकेका हाताने एकेक बडविविला, आणि प्रजेने धन्य धन्य म्हटले.

पुढे राज्यास उतरती कळा लागली. वाहिनीच्या दरबारातून खलिता आला की, प्रजा शेजारच्या मालिकेकडे जाते, काही थरार करा, न कराल तर सायंकाळची वेळ काढून घेऊ. मग श्रीमंतांनी खलबत केले, आणि विश्रामजी परुळेकर दिग्दर्शक यांनी मसलत दिली की, शुक्रवारच्या भागात शत्रूने उलट हल्ला करावा, आणि संगणक धडाडून फुटावा, आणि हॅकरबाई त्यात खर्ची पडावी. श्रीमंत बहुत खूष जाहले आणि फटाकेवाल्यास बोलावणे गेले. हे वर्तमान चारूबाईंस मेकअपच्या खोलीत, एकाच डोळ्यात काजळ असता, कळले. तशाच बाहेर येऊन त्या विश्रामजींस म्हणाल्या, "मरते हो मी, माझं काही म्हणणं नाही. पण मरताना चार वाक्यं तरी द्या. तीन वर्षं नुसती बडवतेय."

"चारूताई, स्फोटात वाक्यं ऐकू येत नाहीत," विश्रामजी म्हणाले.

जवळच मुकुंदराव तांबे पोहे खात बसले होते. हे सायबर पोलिसांतील निवृत्त फौजदार, वाहिनीने नवेच सल्लागार म्हणून धाडिलेले, आणि सल्ला अद्याप कोणी विचारिला नव्हता. ते म्हणाले, "कीबोर्ड फुटून मेलेला माणूस मी काय नोकरीत बघितला नाही."

"मग खरे हॅकर करतात तरी काय?" बाईंनी पुसिले.

"पुष्कळदा फोन करतात."

"आणि?"

"पासवर्ड विचारतात."

"आणि मग?"

"मग समोरचा सांगतो."

विश्रामजी हसू लागले. "तांबेसाहेब, यात ढोल कुठं वाजवू मी?" परंतु बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढिली आणि तांब्यांपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे नुसतं बोलायचं?"

"नुसतं बोलायचं. पण आवाजात माणूस पाहिजे. घाबरलेला तरी, नाहीतर घाबरवणारा तरी. एक आमच्याकडं आलता, त्यानं बँकेच्या अख्ख्या शाखेला फोनवर रडवलं होतं."

हे ऐकून बाईंच्या मनी आले की, जे काम आपण जन्मभर शिकलो, तेच हे काम, आणि तेच सोडून आपण प्लास्टिकचा कीबोर्ड कुटीत बसलो. मग बाई उठल्या आणि थेट श्रीमंतांपुढे जाऊन अर्ज केला की, स्फोट राहू द्या, मला एक फोन करू द्या. श्रीमंत फटाक्यांच्या वाती पाहण्यात गुंतले होते. मान न वळविता म्हणाले, "हॅकरबाई, फोनवर कोण सांगतं हो पासवर्ड? लोक काय इतके बावळट असतात?"

बाई मेकअपच्या खोलीत परतल्या, आणि दार लोटून घेतले, आणि आपल्याच फोनावरून श्रीमंतांस फोन लाविला, कारण बाईंचा नंबर श्रीमंतांपाशी कधी नव्हताच. आणि वीस-बावीस वर्षांच्या, रडू गिळणाऱ्या पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "दौलतराव सर ना? मी वाहिनीतून बोलतेय, अपलोड विभाग. सर, माझ्या हातून फार वाईट झालंय. तुमचा आजचा भाग पुसला गेला."

श्रीमंतांनी वाती सोडिल्या. "पुसला म्हणजे?"

"वरच्यांना अजून कळलं नाहीये, सर. तुमच्या खात्यातून आत्ता परत चढवला तर कुणालाच कळणार नाही. नाहीतर माझी नोकरी जाईल, सर, आणि तुमची वेळ जाईल."

"रडू नकोस बेटा. तुला काय पाहिजे ते सांग."

"पासवर्ड, सर."

सेटवर रेंज यथातथाच. म्हणून श्रीमंत उभे राहिले आणि मोठ्याने बोलिले, "लिहून घे. मीच राजा. सगळं जोडून. शेवटी एक. ऐकू आलं? मीच राजा, एक." दिवेवाले थांबले, आणि फटाकेवाला काडी हाती धरून थांबला, आणि तांब्यांनी पोह्यांची बशी खाली ठेविली.

"थँक यू, सर," ऐसे श्रीमंतांच्या कानात ऐकू आले आणि पाठीमागूनही ऐकू आले. वळून पाहतात तो दारात बाई, फोन कानाशी. आता बाईंची गच्छंती होणार, ऐसे समजून सर्वांनी माना खाली घातल्या. श्रीमंतांनी फोन खिशात टाकिला.

"तुझं नाव काय गं?" त्यांनी पुसिले.

"चारुलता वाघमोडे."

"विश्राम," श्रीमंत म्हणाले, "वाघमोडेबाईंना वाक्यं द्या. फटाकेवाल्याला घरी पाठवा. आणि तांबे, इकडे या जरा, तो पासवर्ड बदलतात कसा?" तो बदलून शेवटी दोन केला, हेही सर्वांस ऐकू आले.

मग शुक्रवारी बाई एका खुर्चीत फोन घेऊन बसल्या आणि बोलल्या, आणि शत्रूची तिजोरी सांभाळणारा कोठावळा पलीकडे हुंदके देत सर्व किल्ल्या सांगून मोकळा जाहला. वाहिनीच्या दरबाराने ते पाहून कळविले की, उत्तम आहे, परंतु हॅकिंग वाटत नाही. सबब बाईंच्या पाठीशी हिरवी अक्षरे पाडिली आणि ढोल घातले. बाईंचा आवाज तेवढा काढता आला नाही, कारण काढिल्यास काही समजत नव्हते. दुसरे दिवशी मंडईत एक बाई चारूबाईंस ओळखून हसली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्याशी नका हो बोलू, मी सगळं सांगून टाकीन."

येणेप्रमाणे हॅकरबाई वाचल्या, राज्याची सायंकाळ राहिली, आणि बाईंस दर भागात बोलणे मिळू लागले. ढोल आहेत ते आहेत.

तीन वर्षांमागे बाईंस कामावर घेतले त्या दिवशी एकही वाक्य वाचून घेतले नव्हते, हात पुढे करावयास सांगून नखे पाहिली होती.